पलीकडचा सगळा दिसता

जूनमध्ये व्हिएन्नात पहाटे पाचच्या आतच उजाडते. मी सहाच्या सुमारास डॅन्यूबवरच्या राइख्सब्रुक या पुलाखालून निघाले, तेव्हा नदीकाठी धावणारी दोन-चार माणसे सोडली तर शहर अजून झोपलेले होते. सायकल भाड्याची होती. मागच्या कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या पिशव्या होत्या, आणि हँडलवरच्या लहान पिशवीत पाणी, जर्दाळू, पंक्चरचे सामान आणि अगदी तळाशी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट होता. संध्याकाळपर्यंत ब्रातिस्लावाला पोहोचायचे होते. ही दोन राजधानीची शहरे नकाशावर इतकी जवळ आहेत की सपाट रस्त्याने जाणाऱ्या सायकलस्वाराला एक दिवस पुरतो. नेहमीचा मार्ग डॅन्यूब ओलांडून दक्षिण काठाने हाइनबुर्ग गावावरून जातो. मी मात्र उत्तरेकडून वळसा घेऊन, मोरावा नदीवरच्या सायकलींच्या पुलावरून स्लोव्हाकियात शिरायचे ठरवले होते. त्यामुळे अंतर ऐंशी किलोमीटरच्या घरात जाणार होते. मला देश बदलायचा होता तो नदीवरून, आणि त्याचे कारण व्हिएन्नापासून फार दूर, सावंतवाडी तालुक्यातल्या आरोंदा गावी होते.

शहरातून बाहेर पडायला मी डॅन्यूबमधल्या लांबलचक बेटाचा रस्ता घेतला. एकवीस किलोमीटर लांबीचे हे बेट माणसांनी केलेले आहे. पुरापासून शहर वाचवण्यासाठी नदीला समांतर दुसरा प्रवाह खोदला आणि त्यातून निघालेल्या मातीचे बेट झाले. १९७२ ते १९८८ अशी सोळा वर्षे हे काम चालले होते. पूर अडवण्यासाठी टाकलेल्या मातीवर आज इतकी झाडे वाढली आहेत आणि इतकी माणसे पोहायला, सायकल चालवायला येतात, की ही मूळची अभियांत्रिकीची योजना आहे हे सांगावे लागते.

बेट संपल्यावर लोबाउचे पाणथळ जंगल लागते आणि थोड्या वेळाने सायकलचा रस्ता पूर अडवणाऱ्या बांधावर चढतो. हा बांध मार्खफेल्ड नावाच्या सपाट शेतीच्या प्रदेशाला डॅन्यूबपासून वेगळा ठेवतो. उजव्या हाताला नदीकाठचे दाट जंगल, डाव्या हाताला गहू, बीट आणि बटाट्याची शेते, आणि मधून क्षितिजापर्यंत सरळ गेलेली वाट. कित्येक किलोमीटर वळण नाही, चढ नाही, वाहन नाही. सायकलचा प्रवास लिहिणारे बहुतेक जण असल्या रस्त्याला कंटाळवाणा म्हणतात. मला तसे वाटले नाही. वारा पश्चिमेकडून, म्हणजे पाठीवर होता, चेन नुकतीच तेल दिलेली होती, आणि पायडलची लय एकदा बसली की अंगाला लक्ष द्यावे लागत नाही. डोके मोकळे होते, आणि मोकळ्या डोक्यात आपण ज्यासाठी निघालो तेच येऊन बसते.

आजीचे सासर आरोंद्याचे आणि माहेर तेरेखोल नदीपलीकडे पेडण्याच्या बाजूला. मधली नदी समुद्राजवळ रुंद होते, भरतीला तिचे पाणी खारे होते आणि तरीतून, म्हणजे होडीतून, पलीकडे जायला फार वेळ लागत नाही. आजीचे लग्न झाले तेव्हा पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते, पण लेकीबाळींच्या येण्याजाण्याला त्याची फारशी अडचण होत नसे. जत्रेला, बाळंतपणाला, चतुर्थीला ती माहेरी जाई. मग १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर भारताने सीमा बंद केली, आणि आजीचे माहेर एका दिवसात परदेश झाले. तिचे वडील वारले ते तिला दोन महिन्यांनी कळले. नदीकाठी उभे राहिले की पलीकडचे माड दिसायचे, संध्याकाळी चुलींचा धूर दिसायचा, वारा तिकडून असला तर देवळातली घंटाही ऐकू यायची. ती म्हणायची, ‘पलीकडचा सगळा दिसता, पण जावक गावणा नाय.’ डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि सहा वर्षांनी ती माहेरी गेली. हे सांगताना तिने कधी पोर्तुगालला किंवा दिल्लीला बोल लावला नाही. ती नदीबद्दल बोलायची. नदी तीच होती, असे ती पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि लहानपणी मला त्यात विशेष काय आहे ते कळत नसे.

ओर्थ नावाच्या गावाच्या पुढे मी बांधावरच बसून न्याहारी केली. तिथून एकार्ट्साउचा राजवाडा जवळ आहे. शिकारीसाठी बांधलेला, झाडीत लपलेला असा हा लहान महाल आहे. पहिले महायुद्ध हरल्यावर शेवटचा हाब्सबुर्ग सम्राट कार्ल व्हिएन्ना सोडून कुटुंबासह इथे येऊन राहिला, आणि १३ नोव्हेंबर १९१८ रोजी हंगेरीच्या राज्यकारभारातून आपण बाजूला होत असल्याच्या कागदावर त्याने इथेच सही केली. पुढच्या मार्चमध्ये तो स्वित्झर्लंडला निघून गेला. वाटेत राजवाडे बरेच लागतात आणि मी सगळीकडे थांबत नाही, पण इथे थांबले, कारण मोरावा नदीचे पुढचे सगळे भवितव्य त्या काळातल्या कागदांवर ठरले. तोपर्यंत मोरावा ही एकाच साम्राज्याच्या ऑस्ट्रियन आणि हंगेरियन भागांमधली रेघ होती. ब्रातिस्लावाला जर्मन लोक प्रेसबुर्ग आणि हंगेरियन लोक पोझोन्य म्हणत, आणि १९१४ साली व्हिएन्नाहून तिथपर्यंत विजेची गाडी सुरू झाली होती. माणसे सकाळी जात आणि रात्री परत येत. साम्राज्य मोडल्यावर त्याच नदीच्या एका काठावर ऑस्ट्रिया आणि दुसऱ्या काठावर चेकोस्लोव्हाकिया असे दोन देश उभे राहिले, आणि १९१९ साली शहराचे नाव ब्रातिस्लावा झाले. त्या शहरात १९१० साली जन्मलेल्या आणि दीर्घायुषी झालेल्या माणसाने घर न बदलता हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया, जर्मनीच्या आश्रयाखालचे स्लोव्हाक राज्य, पुन्हा चेकोस्लोव्हाकिया आणि १९९३ नंतर स्वतंत्र स्लोव्हाकिया इतकी राज्ये पाहिली असती.

एकार्ट्साउहून निघाल्यावर मागचे चाक बसले. बाभळीसारख्या कुठल्याशा झाडाचा काटा टायरमधून आरपार गेला होता. चाक काढून, ट्यूब पाण्याच्या बाटलीने ओली करून भोक शोधले आणि ठिगळ लावले. या कामात अर्धा तास गेला. आमच्या गावच्या दुकानात लहानपणी पंक्चर काढताना पाहिलेले हात मला अजून आठवतात, त्यामुळे हे काम करताना मला नेहमी बरे वाटते. डास मात्र फार होते. जूनमध्ये डॅन्यूब आणि मोरावाच्या पाणथळ काठांवर ते माणसाला एका जागी बसू देत नाहीत.

स्टोपफेनरॉयटच्या जंगलाजवळ मी बांध सोडला आणि उत्तरेकडे वळले. या जंगलाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९८४ च्या डिसेंबरमध्ये इथे हाइनबुर्गचे जलविद्युत धरण बांधण्यासाठी झाडे तोडायला सुरुवात होणार होती, तेव्हा हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत जंगलात येऊन तंबू ठोकून बसली. पोलिसांनी बळ वापरले, माणसे हलली नाहीत, आणि शेवटी सरकारने काम थांबवले. १९९६ साली या भागाचे राष्ट्रीय उद्यान झाले. व्हिएन्ना आणि ब्रातिस्लावाच्या मधली डॅन्यूब म्हणून आजही मोकळी वाहते, आणि सकाळपासून उजव्या हाताला मी जी झाडी पाहत आले ती त्या माणसांनी राखलेली होती. ज्या दिवसांत हे घडत होते त्या दिवसांत इथून काही किलोमीटरवरच्या मोरावाच्या पलीकडच्या काठावर नदीजवळ जायलासुद्धा बंदी होती. एका काठावर लोक नदीसाठी थंडीत बसू शकत होते आणि दुसऱ्या काठावर नदी पाहूही शकत नव्हते, हे माझ्या मनातून दिवसभर गेले नाही.

एंगेलहार्टश्टेटन ओलांडल्यावर गव्हाच्या शेतांतून श्लोस होफ दिसू लागतो. अठराव्या शतकात ऑइगेन या सेनानी राजपुत्राने बांधून घेतलेला हा भव्य राजवाडा आणि त्याची पायऱ्यापायऱ्यांची बाग पाहायला मोटारी भरून माणसे येतात. मी बाहेरच्या सावलीत बाटली भरून घेतली आणि खाली नदीकडे निघाले. कापलेल्या गवतात तीन पांढरे करकोचे चालत होते. इथून उत्तरेला मार्शेगजवळ त्यांची मोठी वसाहत आहे. तिथे ते घरांच्या धुराड्यांऐवजी जुन्या ओक झाडांवर घरटी बांधतात. त्यातला एक उडाला, नदीच्या झाडीवरून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला.

पुलावर मी सायकलवरून उतरले. चढ होता म्हणून नव्हे. चालत जावेसे वाटले.

या पुलाचे नाव ‘स्वातंत्र्याचा सायकलपूल’ आहे. तो २०१२ साली खुला झाला. चार मीटर रुंदीचा हा पूल पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठीच आहे. अठराव्या शतकातही इथे पूल होता, आणि तो गेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षे इथून नदी ओलांडण्याची सोय नव्हती. नवा पूल बांधताना त्याच्या नावासाठी लोकांची मते मागवली गेली तेव्हा अमेरिकन अभिनेता चक नॉरिस याच्या नावाला सर्वाधिक मते पडली होती. अधिकाऱ्यांनी ते न मानता आजचे नाव दिले. लोकांचा कौल डावलणे मला सहसा पटत नाही, पण इथे त्या अधिकाऱ्यांनी योग्य केले असे मला वाटते, कारण या पाण्यात माणसे मेली आहेत.

१९४८ साली चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांची सत्ता आली आणि काही वर्षांतच या काठावर तारांची कुंपणे, टेहळणीचे मनोरे आणि नांगरून मऊ ठेवलेल्या मातीचे पट्टे आले. पळणाऱ्याचे पाऊल त्या मातीत उमटावे ही योजना होती. १९५० च्या दशकात काही तारांमधून जबर दाबाची वीज सोडलेली असे. त्या विजेने, गोळ्यांनी आणि पोहताना बुडून माणसे मेली. पलीकडे पोहोचायला शंभर मीटरसुद्धा पोहावे लागले नसते. मी कठड्याला टेकून खाली पाहिले तेव्हा मोरावा मातकट, संथ आणि उथळ वाटत होती. पावसाळा नसतानाची आमची तेरेखोल आरोंद्याच्या बरीच वर, बांद्याजवळ अशी दिसते. अशी नदी पाहिल्यावर पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उतरावेसे वाटते.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला एका बाकावर एक वयस्कर गृहस्थ सायकल टेकवून बसले होते. मी अभिवादन केले तेव्हा त्यांनी जर्मनमध्ये कुठून आलात असे विचारले. त्यांचे जर्मन आणि माझे जर्मन सारखेच तुटपुंजे होते, आणि म्हणूनच आमचे चांगले जमले. ते जवळच्याच देविन्स्का नोवा वेसमध्ये जन्मले आणि वाढले. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी या नदीत मासे धरले होते. त्यांनी स्वतः मात्र नदीच्या पाण्याला पहिल्यांदा हात लावला तो वयाच्या एकतिसाव्या वर्षी, १९८९ च्या डिसेंबरमध्ये. नदी घरापासून किलोमीटर-दीड किलोमीटरवर होती. मी त्यांना नदी दिसायची का असे विचारले. त्यांनी मागच्या टेकडीकडे बोट केले. तिथून दिसायची, ऑस्ट्रियातली शेते दिसायची, रात्री गावांचे दिवे दिसायचे. मी आजीचे वाक्य त्यांना जर्मनमध्ये सांगण्याचा प्रयत्न केला, ते नीट जमले नाही, म्हणून हातवारे करून सांगितले. नदी, अलीकडे आजी, पलीकडे तिची आई, मध्ये बंदूक. त्यांना कळले. त्यांनी किती वर्षे असे विचारले. मी सहा बोटे दाखवली. त्यांनी मान हलवली आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मीही त्यांच्याशेजारी बसून राहिले.

निघण्यापूर्वी मी पुलावरून पुन्हा ऑस्ट्रियाच्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. या वेळी सायकलवर, वेगात. एकूण काही मिनिटेच लागली असतील. बाकावरचे गृहस्थ हात उंचावून हसले.

पुढचा रस्ता मोरावाच्या काठाने जातो. ही तीच वाट आहे जिच्यावरून सीमेवरचे पहारेकरी गस्त घालत. आज युरोपच्या उत्तर टोकाकडच्या बॅरेंट्स समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणारा, जुन्या ‘लोखंडी पडद्या’च्या रेषेवरचा सायकलमार्ग इथून जातो. डाव्या हाताला देविन्स्का कोबिलाची टेकडी आहे. तिच्या एका उघड्या वाळूच्या कड्यात शार्क माशांचे दात आणि सीलचे जीवाश्म सापडतात, कारण लक्षावधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. माणसांना चाळीस वर्षे इथे येऊ दिले नाही त्यामुळे पाणथळ कुरणे आणि झाडी नांगराखाली गेली नाही, आणि आज निसर्गप्रेमी या पट्ट्याचे कौतुक करतात. ते खरे आहे, करकोचे खरे आहेत, तरी त्या कौतुकाच्या सुरात मला पूर्ण सामील होता आले नाही. ही शांतता कशाने विकत घेतली गेली ते बाकावरच्या गृहस्थांनी नुकतेच सांगितले होते.

देविनला मोरावा डॅन्यूबला मिळते. संगमावर उभ्या कड्यावर किल्ल्याचे अवशेष आहेत. १८०९ साली नेपोलियनच्या सैन्याने तो उद्ध्वस्त केला. आपल्याकडे रायगडावर जाताना मनात जो भाव असतो तसा काहीसा भाव स्लोव्हाक लोकांचा या जागेविषयी आहे. त्यांच्या लिखित भाषेचा पाया घालणारा ल्युडोविट श्टूर १८३६ च्या एप्रिलमध्ये आपल्या तरुण सोबत्यांना घेऊन इथे चढून आला होता. १९३८ साली म्युनिकच्या करारानंतर हे गावसुद्धा जर्मनीने गिळले, म्हणजे तेव्हा सीमा नदी सोडून किल्ल्याच्या मागे गेली. किल्ल्याखाली, पलीकडे जाताना जीव गमावलेल्या माणसांचे स्मारक आहे. तिथे मी सायकल उभी करून थोडा वेळ उभी राहिले. शेजारी एक कुटुंब मुलांना आइस्क्रीम घेऊन देत होते आणि मुले स्मारकाभोवती पळापळी खेळत होती. मला ते मुळीच वावगे वाटले नाही.

संगमावर हिरवट डॅन्यूब आणि मातकट मोरावा काही अंतर एकमेकींना लागून वाहतात, आणि मग रंगातला फरक ओळखू येईनासा होतो. मी तिथल्या दुकानात देविनची ख्याती असलेल्या, करंट नावाच्या लहान आंबटगोड बोरांच्या वाईनचा लहान पेला घेतला आणि पाय पाण्याजवळ सोडून बसले. १० डिसेंबर १९८९ रोजी ब्रातिस्लावातून लाखभर माणसे चालत हाइनबुर्गला गेली होती. त्यांना ऑस्ट्रियात राहायचे नव्हते. ती गेली आणि संध्याकाळी परत आली. सत्तरेक किलोमीटर सायकल चालवून आल्यावर मला ती गोष्ट फार चांगली समजली. आजीसुद्धा डिसेंबर १९६१ नंतर माहेरी गेली ती चार दिवसांसाठी. तिला तिथे कायमचे राहायचे नव्हते.

हे सगळे कायमचे झाले आहे असे मात्र मी समजत नाही. स्लोव्हाकिया २००४ साली युरोपीय संघात आला आणि २१ डिसेंबर २००७ रोजी इथली तपासणी बंद झाली. त्याआधी माझ्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्या बाईला या पाण्याच्या दोन काठांसाठी दोन वेगळे व्हिसा काढावे लागले असते. ब्रातिस्लावातली अनेक कुटुंबे आज घरे स्वस्त पडतात म्हणून ऑस्ट्रियातल्या सीमेलगतच्या गावांत राहतात आणि रोज कामाला पलीकडे येतात. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे सीमा बंद झाली तेव्हा या लोकांना आपण कोणत्या काठावरचे आहोत हे अचानक ठरवावे लागले. त्यानंतरही स्थलांतरितांना रोखण्यासाठी इथे तपासण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. आज मला कोणी अडवले नाही, पण ते मी कोण आहे म्हणून नव्हते. माझ्या पिशवीच्या तळाशी योग्य शिक्क्याचा कागद होता, आणि तो मिळवण्यासाठी मी बँकेचे हिशेब, विमा, नोकरीचे पत्र आणि दहा बोटांचे ठसे दिले होते. तसा कागद नसलेला कोणी माणूस याच संगमावर उभा असेल तर त्यालाही पलीकडचे सगळे दिसत असणार.

देविन ते ब्रातिस्लावा हे शेवटचे दहा-अकरा किलोमीटर मी रमतगमत केले. सूर्य पाठीमागे कलला होता आणि डॅन्यूबवरून एक लांब मालवाहू नौका प्रवाहाविरुद्ध हळूहळू चढत होती. पुढे ब्रातिस्लावाचा चौकोनी किल्ला दिसला, मग एकाच बाजूच्या खांबावर तोललेला पूल, आणि पलीकडच्या काठावर पेट्रझाल्काच्या उंच इमारतींच्या रांगा.

हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट मागितला. दिवसभरात तो बाहेर काढण्याची ही पहिलीच वेळ होती. तिने क्रमांक उतरवून घेतला, व्हिसाचे पान उलटून पाहिले आणि सायकल मागच्या अंगणात ठेवायला सांगितले. मी चाकांची माती धुतली, ठिगळ अजून हवा धरून आहे ना ते अंगठ्याने दाबून पाहिले, आणि भावाला फोन करून विचारले की आजीच्या माहेरच्या घरात आता कोण राहते.